यात्रेसाठी तमाशाची सुपारी पक्की कशी करावी : नव्या यात्रा कमिटीसाठी मार्गदर्शन

यात्रा कमिटीचे सचिवपद पहिल्यांदा माझ्याकडे आले, तेव्हा तमाशा ठरवणे म्हणजे, जेथे तमाशाच्या सुपाऱ्या (कार्यक्रमांचे करार) ठरतात त्या नारायणगावला जाणे, भाव ठरवणे, इसार देणे आणि पावती खिशात घालून परत येणे, एवढीच माझी समजूत होती. त्या वर्षी करारपत्रावर आम्ही नुसती '२३ तारीख' लिहून आलो. आमच्या देवाचा छबिना, म्हणजे पालखीची मिरवणूक, २२ तारखेच्या रात्री निघणार होता, म्हणजे गावाच्या बोलीत 'तेविसाव्याच्या पहाटेपर्यंत'. फडाने, म्हणजे तमाशा मंडळाने, मात्र २३ तारखेची रात्र धरली होती. यात्रेच्या चार दिवस आधी फोन केला तेव्हा हा घोळ उघड झाला. तोवर फडाची २२ तारखेची रात्र दुसऱ्या गावाला गेली होती. पाहुणेरावळे परत गेल्यावर, अर्ध्या रिकाम्या मैदानात आमचा तमाशा झाला. फडाची त्यात काहीच चूक नव्हती. कागदावर जे लिहिले होते त्याप्रमाणे ते आले होते.

त्यानंतर अनेक वर्षे हे काम मी करत आलो आहे. इसार दिल्याने सुपारी घेतली जाते, पण ती पक्की होण्यासाठी रात्र, वेळ, गाव आणि माणसे या चारही गोष्टी दोन्ही बाजूंना एकाच अर्थाने समजलेल्या असाव्या लागतात, हे या अनुभवातून शिकलो. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

१. गावातून निघण्यापूर्वी रात्र ठरवा

आपल्या बहुतेक यात्रा तिथीवर असतात आणि फडाची वही तारखांवर चालते. गेल्या वर्षीची तारीख या वर्षी उपयोगाची नसते. चैत्र पौर्णिमा २०२३ साली ६ एप्रिलला होती. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे २०२४ साली ती २३ एप्रिलला गेली आणि २०२५ साली पुन्हा १२ एप्रिलला आली. म्हणून पंचांग समोर ठेवून, गुरव, पुजारी आणि मानकरी यांच्या उपस्थितीत तारीख काढावी. तिथी एका दिवशी सकाळी लागून दुसऱ्या दिवशी सकाळी संपत असेल, तर पालखी नेमकी कोणत्या संध्याकाळी उठणार हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे आणि कमिटीच्या वहीत लिहून ठेवावे.

तारीख लिहिण्याची खात्रीची रीत अशी : 'शनिवार, १२ एप्रिलची रात्र, उजाडता रविवार, १३ एप्रिल.' वार, तारीख आणि 'उजाडता' हे तिन्ही असले की गैरसमजाला जागा राहत नाही.

याच बैठकीत खर्चाची वरची मर्यादा ठरवावी. वर्गणी अजून जमायची असते आणि फडाच्या राहुटीत, म्हणजे सुपारी ठरवण्याच्या तंबूत, बसल्यावर मोठ्या फडाचे नाव ऐकून मन पुढे धावते. मग यात्रा झाल्यावर वर्गणीसाठी दारोदार फिरण्याची वेळ येते.

२. कोणता कार्यक्रम हवा ते नीट समजून घ्या

नव्या कमिटीतील तरुणांना 'तमाशा' हा एकच प्रकार वाटतो. ढोलकी फडाच्या तमाशात गण (गणेशवंदना), गवळण (कृष्ण-गौळणींचा प्रसंग), बतावणी (विनोदी संवाद), मग रंगबाजी (लावण्या-गाणी) आणि शेवटी वगनाट्य किंवा वग (कथानक असलेले नाट्य) असा क्रम असतो. त्यात सोंगाड्या, मावशी, सरदार अशी पात्रे असतात आणि मोठ्या फडाबरोबर कलाकार, वादक, बिगारी, चालक मिळून शंभराच्या आसपास माणसे येतात. संगीत बारीत लावणी आणि अदाकारी मुख्य असते आणि मंडळी थोडी असतात. ढोलकी फडांतही काही पूर्णवेळ चालणारे, तर काही फक्त यात्रांच्या हंगामापुरते उभे राहणारे असतात. हंगामी फड कमी दर्जाचा असतो असे मुळीच नाही. लहान गावाला तो अनेकदा अधिक योग्य असतो. पण आपण कोणाशी बोलत आहोत हे माहीत असावे.

वग हवा की नको, हे गावाने आधीच ठरवावे. अलीकडे पुष्कळ ठिकाणी रंगबाजीतील गाण्यांनाच वेळ दिला जातो आणि वगाला हात घालेपर्यंत कार्यक्रम बंद करण्याची वेळ होते. माझे स्पष्ट मत आहे की वग हा तमाशाचा प्राण आहे. तो ज्या गावाला पाहायचा आहे त्या गावाने वगाचे नाव आणि तो सुरू होण्याची वेळ करारातच घालून घ्यावी.

३. राहुटीत जाताना बरोबर काय असावे

नारायणगाव हे पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, पुणे-नाशिक महामार्गावर आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि प्रत्येक राहुटीत फडाचा व्यवस्थापक वही घेऊन बसलेला असतो. चैत्र-वैशाखातील यात्रांच्या सुपाऱ्या तेथे ठरतात. पाडव्याला गर्दी मोठी असते. चैत्र पौर्णिमा किंवा कालाष्टमी अशा, एकाच दिवशी अनेक गावांच्या यात्रा असलेल्या तिथीची सुपारी द्यायची असेल, तर पाडव्याची वाट न पाहता राहुट्या लागताच जावे. त्या तिथींचे भावही चढे असतात.

बरोबर घ्यायच्या वस्तू :

- कमिटीच्या बैठकीचा ठराव, अध्यक्ष व सचिवांच्या सह्यांसह;
- सही करणाऱ्या दोघांची ओळखपत्रे व त्यांच्या छायाप्रती;
- कमिटीचे पासबुक किंवा धनादेश;
- पंचांग आणि तारखेची नोंद असलेली वही;
- मैदानाची लांबी-रुंदी व रस्त्याची रुंदी, पावलांनी नव्हे तर टेपने मोजलेली;
- महसुली तिकीट, कारण पाच हजार रुपयांवरील पावतीवर एक रुपयाचे तिकीट लागते.

माणसे तीन किंवा चार न्यावीत. दहा जण गेले की दहा तोंडांनी बोलणी होतात. त्यांपैकी एक जण तमाशाचा जाणकार, एक हिशेबाचा आणि एक लिहिणारा असावा.

४. बोलणी करताना

आधी तारीख रिकामी आहे का ते विचारा, भाव नंतर. व्यवस्थापकाला त्याच्या वहीतील आपल्या रात्रीची ओळ दाखवण्याची विनंती करण्यात गैर काही नाही. त्याच वेळी आदल्या रात्री आणि दुसऱ्या रात्री फड कोणत्या गावी आहे, हेही विचारून लिहून घ्यावे. हा प्रश्न नवी माणसे विचारत नाहीत, पण सर्वांत जास्त उपयोगी तोच आहे. आदल्या रात्रीचे गाव दीडशे किलोमीटरवर असेल, तर तेथील हजेरी, म्हणजे तमाशानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी होणारा कार्यक्रम, उरकून, पडदे उतरवून, ट्रक भरून फड आपल्याकडे दिवे लागण्याआधी पोहोचणे अवघड आहे. तसे असेल तर तेथल्या तेथे विचार बदलता येतो.

फडांच्या नावांबाबत सावध राहा. तमाशात नाव हे घराण्याचे असते. एका घराण्यातून दोन-तीन फड निघतात आणि 'अमुक सह तमुक' अशी लांबलचक, एकमेकांसारखी नावे होतात. जाहिरातीवरील मोठ्या अक्षरांवर न जाता फडमालकाचे पूर्ण नाव विचारावे. राहुटीबाहेर भेटणारा मध्यस्थ 'मी ठरवून देतो' म्हणाला, तर फडमालकाशी स्वतः फोनवर बोलल्याशिवाय त्याच्या हाती पैसे देऊ नयेत. मध्यस्थ प्रामाणिक असला तरी निरोप तोंडी फिरतो आणि फिरता फिरता बदलतो.

घासाघीस करावी, पण फडाच्या खर्चाची जाणीव ठेवून करावी. सुपारीच्या रकमेतून मालकाला सगळ्या माणसांचा पगार, ट्रकांचे डिझेल, जनरेटर आणि हंगाम सुरू होण्याआधी कलाकारांना दिलेली उचल भागवायची असते. फार पाडून घेतलेल्या सुपारीत माणसे कमी येतात.

५. करारपत्रात काय लिहून घ्यावे

बहुतेक फडांकडे छापील करारपत्र असते. त्यातील रिकाम्या जागा भरून झाल्या की काम संपले असे समजू नका. मागच्या कोऱ्या बाजूवर पुढील गोष्टी हाताने लिहून दोघांच्या सह्या घ्या.

गावाचे नाव तालुका आणि जिल्ह्यासह लिहावे. एकट्या जुन्नर तालुक्यात वडगाव आनंद, वडगाव कांदळी, वडगाव साहनी ही गावे आहेत आणि शेजारच्या आंबेगावात वडगाव काशिंबेग आहे. राहुटीतील घाईत कारकुनाने नुसते 'वडगाव' लिहिले, तर ट्रक कोणत्या फाट्यावरून वळेल हे सांगता येत नाही. जवळचा हमरस्ता, फाटा आणि मोबाइलवरील नकाशाचे ठिकाण व्यवस्थापकाला त्याच क्षणी पाठवावे.

रात्र वर सांगितलेल्या पद्धतीने लिहावी. फड गावात किती वाजता पोहोचेल, पडदा किती वाजता उघडेल आणि कार्यक्रम किती वाजता संपेल या तिन्ही वेळा वेगवेगळ्या लिहाव्यात. 'रात्री नऊ' एवढेच लिहिले, तर गाव ती सुरू होण्याची वेळ समजते आणि फड पोहोचण्याची.

दुसऱ्या दिवशीची हजेरी करारात धरली आहे का, हे स्वतंत्रपणे लिहावे. आमच्या भागात रात्री तमाशा आणि सकाळी हजेरी असे दोन्ही मिळून एकच सुपारी मानली जाते, पण फडाला त्याच दिवशी दूरच्या गावी पोहोचायचे असेल, तर तो हजेरी आटोपती घेतो किंवा घेतच नाही. दुपारी कुस्त्यांचा आखाडा असल्याने हजेरी किती वाजता संपवायची हेही नोंदवावे.

रंगमंच, पडदे, दिवे आणि ध्वनिक्षेपक कोणाचे, जनरेटर आणि त्याचे डिझेल कोणाचे, जेवण द्यायचे की शिधा, पाण्याचा टँकर किती, हे एकेक वाक्यात लिहावे. ज्यांच्या नावावर गाव तमाशा पाहायला येणार आहे असे मुख्य कलाकार, म्हणजे सोंगाड्या, ढोलकीवादक आणि प्रमुख गायिका, यांची नावे घालून, त्यांपैकी कोणी आजारपणामुळे येऊ शकले नाही तर किती दिवस आधी कळवायचे तेही ठरवावे.

प्रेक्षकांकडून येणाऱ्या बक्षिसाचाही उल्लेख असावा. प्रत्येक नोटेमागे देणाऱ्याचे नाव पुकारत बसले की वगाची लय मोडते. बक्षिसांची नावे दोन ठरलेल्या वेळी एकत्र पुकारावीत, असे आम्ही गेली काही वर्षे लिहून घेतो आणि ते पाळलेही जाते.

रद्द होण्याचे कलम टाळू नका. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली; ऐन हंगामाच्या तोंडावर यात्रा बंद झाल्या आणि ठरलेल्या सुपाऱ्यांचे इसार अडकून पडले. अवकाळी पाऊस तर दर दोन-तीन वर्षांनी येतोच. म्हणून तीन प्रसंग वेगळे करून लिहावेत : सरकारी आदेशाने यात्रा रद्द झाली तर, पावसाने कार्यक्रम मध्येच थांबला तर, आणि दोघांपैकी एकाने माघार घेतली तर. पहिल्या प्रसंगी इसार पुढील वर्षीच्या सुपारीत धरावा, ही तडजोड मला सर्वांत न्याय्य वाटते. गावाने स्वतःहून माघार घेतली, तर इसार परत मागू नये, कारण आपल्यासाठी राखलेली रात्र फडाला ऐन वेळी पुन्हा विकता येत नाही.

६. इसार आणि उरलेली रक्कम

इसार शक्यतो बँकेतून द्यावा. याची दोन कारणे आहेत. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, आणि दोन हप्त्यांत दिल्याने हा नियम टळत नाही. दुसरे असे की यात्रांचा हंगाम आणि निवडणुका कधी कधी एकत्र येतात. २०२४ साली १६ मार्चपासून लोकसभेची आचारसंहिता लागू होती. अशा काळात नाक्यांवर तपासणी असते आणि कागदपत्रांविना पन्नास हजारांपेक्षा जास्त रोकड सापडली, तर ती जप्त होऊ शकते. वर्गणीची रोकड पिशवीत घेऊन जाणाऱ्या कमिटीने ठराव आणि वर्गणीच्या पावत्यांची पुस्तके जवळ ठेवावीत.

पावतीवर एकूण रक्कम, दिलेला इसार, उरलेली रक्कम आणि ती द्यायची वेळ, या चारही गोष्टी असाव्यात. 'कार्यक्रम झाल्यावर' असे मोघम न लिहिता 'हजेरीपूर्वी' किंवा 'पडदा उघडण्यापूर्वी निम्मी' असे लिहावे.

७. परवानग्या

पोलीस ठाण्यात अर्ज किमान तीन आठवडे आधी द्यावा. त्याला ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, जागा खासगी असल्यास मालकाचे संमतिपत्र, कमिटीच्या जबाबदार माणसांची यादी आणि फडाच्या करारपत्राची छायाप्रत जोडावी. वगनाट्याच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. त्याची प्रत फडाकडून राहुटीतच मागून घ्यावी, नंतर ती मिळवण्यात दिवस जातात. महावितरणकडून तात्पुरती वीजजोडणी घ्यावी. तारेवर आकडा टाकून दिवे लावणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय गर्दीत जीव घेणारा धोका आहे.

ध्वनिक्षेपकाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवसांसाठी शासन ही मर्यादा रात्री बारापर्यंत शिथिल करू शकते. आपल्या यात्रेचा दिवस त्या सवलतीत येतो की नाही, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे आणि त्याप्रमाणे पडदा उघडण्याची वेळ ठरवावी. छबिना लांबला की तमाशा उशिरा सुरू होतो आणि गण-गवळण होईतो पोलीस बंद करायला येतात, हा अनुभव अनेक गावांचा आहे. आम्ही मानकऱ्यांना विनंती करून छबिना संध्याकाळी लवकर काढू लागलो. सुरुवातीला वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही, पण आता पूर्ण वग पाहायला मिळतो म्हणून तेच वेळेचा आग्रह धरतात.

८. फेरखातरजमा

करारानंतर तीन वेळा बोलावे. पंधरा दिवस आधी फडमालकाला लेखी संदेश पाठवून रात्र, गाव, वेळ आणि उरलेली रक्कम पुन्हा सांगावी आणि 'मान्य' असे उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. निळी खूण दिसली म्हणजे संदेश समजला, असे मानू नका. चार दिवस आधी व्यवस्थापकाला फोन करून आदल्या रात्रीचे गाव तेच आहे का, मुख्य कलाकार बरोबर आहेत का आणि गाड्या किती येणार आहेत ते विचारावे. हंगामात फडाचे वेळापत्रक बदलत असते. राहुटीत सांगितलेले आदल्या रात्रीचे गाव महिन्याभरात बदललेले मी अनेकदा पाहिले आहे. तिसरा फोन त्याच दिवशी सकाळी, ट्रकचालकाला करावा, कारण ट्रक रस्त्यात कुठे आहे हे त्यालाच नक्की माहीत असते.

हे बोलणे कमिटीतील एकाच माणसाने करावे. अध्यक्षांनी एक वेळ, उपसरपंचांनी दुसरी आणि एखाद्या हौशी कार्यकर्त्याने तिसरी सांगितली, की फड आपल्याला सोयीची वेळ धरतो.

९. मुक्काम आणि मान

ट्रक थेट मैदानात जाऊ शकतात का, वाटेत विजेच्या तारा खाली लोंबतात का, हे आदल्या दिवशी स्वतः चालत जाऊन पाहावे. मंडळी आली की आधी पाणी आणि सावली द्यावी. ती रात्रभर जागून आलेली असतात.

महिला कलाकारांसाठी बंद खोल्या, स्वच्छ शौचालय आणि न्हाणीची सोय ही करारात नसली तरी गावाची जबाबदारी आहे. शाळेच्या दोन खोल्या, त्यांना आतून कडी आणि बाहेर आपल्याच गावातील दोन जाणत्या बायका, एवढी व्यवस्था कोणत्याही गावाला जमते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी तमाशा सुरू असताना पडद्यामागे बाळाला जन्म दिला आणि त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. ती सांगताना त्या पडद्यामागे त्यांच्यासाठी काय सोय होती, हा प्रश्न मला दर वेळी अस्वस्थ करतो. आपल्या गावात पडद्यामागे तरुणांचे टोळके फिरकणार नाही, याची जबाबदारी नावानिशी चार स्वयंसेवकांवर सोपवावी.

१०. रात्र, हजेरी आणि हिशेब

पडदा उघडण्यापूर्वी करारपत्राची प्रत हातात घेऊन व्यवस्थापकाबरोबर पाच मिनिटे बसावे आणि वेळा व वगाचे नाव पुन्हा वाचून घ्यावे. मानकऱ्यांचे सत्कार पंधरा मिनिटांत उरकावेत. पुढाऱ्यांच्या भाषणांना येथे जागा देऊ नये, कारण ती वेळ शेवटी वगातूनच कापली जाते.

उरलेली रक्कम सकाळी मोजायला घेऊ नका. ती आदल्या संध्याकाळीच मोजून, पाकिटात बंद करून, दोघांच्या ताब्यात ठेवावी किंवा बँकेतून पाठवण्याची तयारी ठेवावी. कार्यक्रमात उणीव राहिली असेल, तर ती फडमालकाला शांतपणे, पैसे देण्याआधी आणि करारातील वाक्य दाखवून सांगावी. ज्या गोष्टी लिहिल्याच नव्हत्या त्यांसाठी रक्कम कापू नये. पावती घ्यावी, करारपत्रावर 'व्यवहार पूर्ण' असे लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि हजेरी संपताच ट्रकांना वाट मोकळी करून द्यावी. मैदानाच्या तोंडाशी लागलेली खेळण्यांची दुकाने आदल्या रात्रीच थोडी मागे घेतली, तर गाड्या अडकत नाहीत आणि फड दिवस मावळण्यापूर्वी पुढच्या गावी पोहोचतो, जेथे दुसरी एखादी कमिटी फाट्यावर उभी राहून त्यांची वाट पाहत असते.